देवाआधीचा डबा

आमचा पत्ता भवानी पेठ, सोलापूर. ख्रिस्ती माणसाने हा पत्ता सांगितला की लिहिणाऱ्याचं पेन जरा अडखळतं. एकदा पुण्याला मंडळ्यांच्या एका मेळाव्यात नावनोंदणी चालली होती. टेबलामागच्या बाईंनी माझं जुन्या करारातलं नाव ठसठशीत अक्षरात लिहिलं, मग पत्त्याशी थांबल्या. “जवळपासची दुसरी काही खूण आहे का हो?” म्हटलं, “आहे की. रूपाभवानीचं देऊळ.” त्यांनी मुकाट्याने भवानी पेठ लिहून टाकलं.

आजोबा पत्रावर नेहमी ‘भ. पेठ’ एवढंच लिहायचे. पोस्टमनला ते कळायचं, तेव्हा देवालाही कळत असणार. पण आजोबांचं समाधान असं की आपण काही ते नाव पूर्ण उच्चारलं नाही. वडील त्यांना चिडवायचे की नारायण वामन टिळकांचं काय मग? नारायण आणि वामन, दोन्ही विष्णूची नावं, बायकोचं नाव लक्ष्मी. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला, पण त्या पाण्याने नावातलं एक अक्षर पुसलं गेलं नाही. आजोबा म्हणायचे, “टिळक कवी होते. कवींना चालतं.” या उत्तरावर पुढे कुणालाच काही बोलता आलं नाही.

आजीची अडचण पत्त्यापेक्षा रोजची होती. सकाळी भाजीवाली दारात पाटी उतरवायची आणि म्हणायची, “बाई, भवानी करा की.” पहिल्या विक्रीला आमच्याकडे भवानी म्हणतात, हे परगावच्या वाचकांसाठी सांगतो. आजी मिशनच्या शाळेत शिकवलेली बाई. तिने पैसे दिले की भाजीवाली ते नाणं डोळ्यांना लावायची, पाटीवरून ओवाळायची, मग कनवटीला खोचायची. ही नाण्याची पूजा झाली की नाही? आणि झाली असेल तर नाणं पुरवणारा तिच्यात सामील की नाही? आजीने तोडगा काढला. पैसे ती माझ्या हातून द्यायला लागली. नातवाच्या आत्म्याची जोखीम तिने पत्करली, मेथी मात्र स्वतः निवडून घेतली.

मला त्या वेळी हसू यायचं. आता महिन्याच्या एक तारखेला पगाराचा मेसेज येतो, तो मी डोळ्यांना लावत नाही, हे खरं. पण दोनदा वाचतो. रोजचं शास्त्रवचन मी कधी दोनदा वाचल्याचं आठवत नाही.

मोह हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला. त्याच्या आधी होती परीक्षा. जुन्या मराठी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत हाच शब्द आहे; आम्हाला तिच्यात आणू नकोस, अशी विनवणी आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला या विनवणीचा एकच अर्थ लागू शकतो. दर रविवारी एवढी मोठी माणसं, कोट घातलेले मास्तर, डोक्यावरून पदर घेतलेल्या आज्या, सगळे डोळे मिटून देवाकडे मागताहेत की परीक्षा नको. माझा धर्मावरचा विश्वास तिथे बसला तो बसला. लेंटचे, म्हणजे आमच्या उपासकाळाचे, चाळीस दिवस आणि वार्षिक परीक्षा दोन्ही ऊन तापायला लागल्यावर यायच्या, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. तिसरीत गणितात सोळा मार्क पडले तेव्हा मी आजीला म्हणालो की मी दर रविवारी मागितलं होतं, देवाने ऐकलं नाही. तेव्हा तिने मला सांगितलं की ती परीक्षा वेगळी. म्हणजे कसली? तर म्हणे, समोर ताटात असलेलं आणि आपण खायचं नाही असं ठरवलेलं.

हे तिने सोप्या भाषेत सांगितलं खरं, पण सोलापुरात वाढणाऱ्या मुलाला याहून भीषण काही सांगता येणार नाही.

कारण प्रभूची रानातली पहिली परीक्षासुद्धा आमच्या भाषेत खाण्याचीच आहे, आणि तीही भाकरीची. मूळ ग्रीकमध्ये काय असेल ते असो, मराठी भाषांतरात सैतान धोंड्यांच्या भाकरी करायला सांगतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा सैतान मंगळवेढ्याकडचा दिसतो. चाळीस दिवसांचा उपाशी माणूस, भोवती काळे धोंडे, वर ऊन, हे वर्णन ज्या कुणी मे महिन्यात सोलापूर-मंगळवेढा एसटीने प्रवास केला आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. त्यात आमची कडक भाकरी. पातळ थापलेली, तव्यावरून काढून वाळवलेली, महिना महिना टिकणारी. अंधारात हातात दिली तर धोंडा की भाकरी हे दातांनाच कळतं. प्रभू नाही म्हणाला, हे मला त्या वयात त्याच्या देवत्वाचं सगळ्यात मोठं प्रमाण वाटायचं. सोबत शेंगाचटणीही देऊ केली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी संडे स्कूलमध्ये विचारला आणि दाराबाहेर उभा राहिलो.

आता अक्कांकडे येतो.

आमच्या भिंतीला भिंत लावून अक्कांचं घर. लिंगायत, चार पिढ्यांचे सोलापूरकर, घरात कन्नड, दारात मराठी, आणि दूधवाल्याशी भांडायला उर्दू. आजीला त्या ‘बाई’ म्हणायच्या, आजी त्यांना ‘अक्का’. वयाने कोण मोठं हे दोघींनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

संक्रांत म्हणजे सोलापुरात गड्ड्याची जत्रा. ग्रामदैवत सिद्धेश्वराचे, म्हणजे सिद्धरामेश्वरांचे, सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंच काठीचे ध्वज पोटाशी तोलत चालतात, आणि १४ जानेवारीला संमती कट्ट्याशी लग्न लागतं. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला, योग्याने आपला योगदंड पुढे केला, म्हणून आजही ते लग्न लागतं आणि अख्खं गाव वऱ्हाडी असतं. अख्खं गाव म्हणजे आम्ही सोडून, असा आजीचा हिशेब. शेंगापोळीचा वास मात्र भिंत ओलांडून यायचा. खरपूस भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, गूळ, वेलची, आणि तव्यावर पोळी फुटून गूळ करपायला लागला की येणारा तो किंचित कडवट वास. भिंतीच्या या बाजूला आम्ही भावंडं आणि त्या बाजूला अक्का. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा होता. दहा आज्ञांनंतर लगेच तोच यायचा, कदाचित दोन-तीन आज्ञांच्या आधीही.

तर शेजाराच्या पहिल्या की दुसऱ्या वर्षी आजीने अक्कांची पोळी परत पाठवली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण घरात ही गोष्ट उत्पत्तीच्या पुस्तकासारखी सांगितली जायची. पोळी परत गेली. अर्ध्या तासाने अक्का स्वतः आल्या. आजीला वाटलं भांडण होणार, तिने मनातल्या मनात दोन-चार वचनं जुळवून ठेवली. अक्कांनी फक्त विचारलं, “बाई, पोळी चालत नाही का देव चालत नाही?”

आजी म्हणाली, “पोळीचं काही नाही हो.”

“एवढंच ना,” म्हणून अक्का गेल्या.

पुढच्या संक्रांतीला सकाळी सात वाजता, आमच्या आंघोळीही झाल्या नव्हत्या, कडी वाजली. दारात अक्का, हातात पितळी डबा, डोळे धुराने लाल. “तुमचं आधी काढलंय बघा. अजून दाखवलं नाही देवाला. गरम आहे तवर खावा.”

त्या दिवसापासून बत्तीस-तेहतीस वर्षं आम्ही सोलापूरच्या ग्रामदैवताच्या आधी जेवलो.

याचा अर्थ काय होतो ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आणून दिलं पप्पांनी. पप्पा गिरणीच्या ऑफिसात कारकून, धर्माबाबत एकूण कमी बोलणारे, रविवारच्या उपासनेत तिसऱ्या बाकावर बसून डोळे मिटून ऐकणारे. ते झोपतात असं आई म्हणायची. एका संक्रांतीला तुपाची धार सोडत ते सहज म्हणाले, “आई, नैवेद्य पहिल्यांदा कुणाला दाखवतात?”

“त्यांच्या देवाला,” आजी म्हणाली.

“आणि ह्या घरात पहिल्यांदा कुणापुढे येतो?”

आजीचा घास हातात राहिला. आम्हाला काहीच कळलं नाही. पप्पा पोळी मोडत राहिले. मला वाटतं त्यांना विनोद करायचा होता. पण आजी त्या दिवशी पोळी न खाता उठली, आणि संध्याकाळी आतल्या खोलीत तिची प्रार्थना नेहमीपेक्षा बरीच लांबली. मूर्तिपूजेपासून आपण किती दूर, याचा तिला अभिमान होता. त्या अभिमानासाठी शेजारीण पहाटे चारला उठून चूल पेटवत होती आणि स्वतःच्या देवाला थांबवून ठेवत होती. देव्हाऱ्यातला तो ताटकळत होता आणि आम्ही इथे पाटावर बसून, तूप जरा कमी आहे, असं म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी आजीने पहिलं करिंथकरांस पत्र काढलं. हे पत्र पौलाने इसवी सन ५५च्या सुमारास लिहिलं असं अभ्यासक मानतात, पण त्यातला आठवा आणि दहावा अध्याय भवानी पेठेतल्या कुणीतरी तक्रार केल्यावरच लिहिला असावा. करिंथच्या बाजारात मिळणारं पुष्कळसं मांस आधी कुठल्या ना कुठल्या देवळातून आलेलं असायचं. नव्या ख्रिस्ती लोकांत दोन तट. एक म्हणे, मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग तिला दाखवलेल्या मांसाला काय झालंय? दुसरे घाबरलेले. पौल हा धंद्याने तंबू करणारा माणूस, म्हणजे कापडाच्या धंद्यातला, सोलापुरात आला असता तर चादरीच्या कारखान्यात सहज लागला असता; त्याने कापड बघावं तसं हे प्रकरण दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की बाजारात मिळतं ते खा, कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, उगीच चौकशा करत बसू नका. मात्र कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला दाखवलेलं आहे, तर खाऊ नका. आणि तेही तुमच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी नव्हे, सांगणाऱ्याच्या.

आजी हे मोठ्याने वाचत होती आणि शेवटच्या तुकड्याशी थांबली. इतकी वर्षं तिने हा अध्याय शिकवला होता. सदसद्विवेकबुद्धी हा शब्द मुलांकडून घोकून घेतला होता, जोडाक्षरं चुकली की पट्टी मारली होती. पण ती कुणाची, हे तिने तपासलं नव्हतं.

मला पुढे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आजी फार आठवली. लक्ष्मीबाई टिळकांचं सोवळं कसं एकेक पदर सुटत गेलं ते त्यांनी त्यात लिहून ठेवलं आहे, आणि स्वतःला हसत हसत लिहिलं आहे, हे विशेष. आमच्या घरात पिढ्यांमागे कुणाचं सोवळं नव्हतंच. उलट आम्हीच कुणाच्या तरी सोवळ्याबाहेरचे. मिशन आलं १८६०च्या दशकात, शाळा आल्या, आम्ही सरळ बाकावर बसलो. आणि बसल्या बसल्या स्वतःचं एक सोवळं विणून काढलं. गंमत म्हणजे ज्या वोरोनोको शाळेचं नाव सोलापुरात अजून आदराने घेतात, त्या नावाचं गाव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये आहे आणि ते नाव मुळात तिथल्या आदिवासींचं. म्हणजे मिशनऱ्यांनीसुद्धा आपली भवानी पेठ बरोबर आणलीच होती. आजोबा हयात असते तर ‘वो. शाळा’ लिहायला लागले असते.

आजीने मग अक्कांना सांगून टाकायचं ठरवलं की आधी डबा काढू नका. नंतरचा द्या असं ती म्हणू शकत नव्हती, कारण तो मग दाखवलेला आहे हे माहीत असणार. आधीचा नको म्हणावं तर पोळीच बंद. तीन दिवस या पेचात गेले. शेवटी ती गेली आणि पप्पा काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. अक्का पोट धरून हसल्या. म्हणाल्या, “आमचा सिद्धराम कुठं रागावतोय. त्याला बोलणी खायची सवय आहे.”

आणि त्यांनी आजीला अल्लमप्रभूंची गोष्ट सांगितली. बाराव्या शतकात हे गाव सोन्नलगी होतं. सिद्धराम इथे तळं खोदून घेत होते, लिंगं स्थापत होते, हजारो हात कामाला लागलेले. अल्लमप्रभू आले आणि सरळ विचारलं, तो दगड फोडणारा वड्डर सिद्धराम कुठे आहे? एवढ्या मोठ्या योग्याला वड्डर! तळं खोदून आणि दगड मांडून काय मिळणार, आत काही खोदलंस का, असा एकूण सूर. बरीच वादावादी झाली, शेवटी दोघे मिळून बसवण्णांच्या कल्याणला गेले, आणि सिद्धराम त्यांच्या मेळ्यातले शरण झाले. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात ही हकिगत आहे, अक्कांनी ती आपल्या आजीकडून ऐकली होती. “म्हणजे बघा बाई,” त्या म्हणाल्या, “दगडाला हात जोडायचे का नाही, यावर भांडण ह्या गावात आधीपासून आहे. तुम्ही जरा उशिरा आलात.”

आजीला हे कुठेतरी लागलं असणार. खोटी पूजा ओळखायची विद्या आपण बोटीतून आलेल्या पुस्तकातून शिकलो, अशी तिची समजूत. ती भिंतीपलीकडे आठशे वर्षं कन्नडात नांदत होती. डबा मात्र चालू राहिला. दोघींनी यावर पुढे बोलायचं नाही असं न बोलता ठरवलं.

याच सुमारास मी एका १४ जानेवारीला अक्कांच्या नातवाबरोबर लग्नाला जाऊन आलो, घरी न सांगता. गर्दीत कुणीतरी माझ्या मुठीत अक्षता ठेवल्या. तांदूळच ते, पण रंगवलेले, घामाने बोटांना रंग सुटणारे. लाखभर माणसं श्वास धरून उभी. मंत्राचा शेवटचा घोष झाला आणि एकाच वेळी सगळे हात वर गेले. माझा हात वर गेला, पण मूठ उघडली नाही. शौर्य वगैरे काही नव्हतं. उघडावी की नाही हे ठरेपर्यंत लग्न लागून गेलं होतं. अक्षता तशाच खिशात घरी आल्या आणि चड्डी धुताना आजीला सापडल्या. ओरडा बसेल म्हणून मी मोरीच्या दाराशी उभा. तिने त्या पदरात पुसून वाळवल्या आणि चिमण्यांना घातल्या. चिमण्यांनी खाव्यात की नाही याबद्दल पौलाने काही लिहिलेलं नाही.

माझी स्वतःची परीक्षा याहून फार किरकोळ असते. दर वर्षी लेंटमध्ये मी चहा सोडतो. मोठी माणसं मांसमच्छी सोडतात, तरुण मुलं हल्ली मोबाइल सोडल्याचं मोबाइलवरून कळवतात. मी चहा. पहिल्या दिवशी डोकं दुखतं, तिसऱ्या दिवशी माणसं कडवट दिसायला लागतात, सातव्या दिवशी बरं वाटतं. आणि खरं प्रकरण आठव्या दिवशी सुरू होतं. चहा पुढे आला की मी म्हणतो, “नको, सोडलाय.” समोरचा विचारतो, “का?” या ‘का’ची चटक मला चहापेक्षा वाईट लागली आहे. एखाद्याने विचारलं नाही तर मी कप जरा आवाज करून बाजूला सरकवतो. मागच्या वर्षी एकाच दिवसात सहा जणांना सांगून झालं, सातवा पाळकसाहेब निघाला. ते म्हणाले, “छान. उपास करताना डोक्याला तेल लावून तोंड धुवावं, कुणाला कळू नये, असं आहे नाही का?” आणि माझ्यासमोर सावकाश बशीत ओतून चहा प्यायले.

त्या संध्याकाळी बायकोने न विचारता कप पुढ्यात ठेवला आणि मी प्यालो. विचारलं तर काय सांगणार? मला निर्गममधला अहरोन फार जवळचा वाटतो. मोशे डोंगरावर असताना याने लोकांच्या कानातली कुंडलं गोळा केली, सोन्याचं वासरू घडवलं, आणि मोशेने जाब विचारला तर म्हणाला की सोनं विस्तवात टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! आपलं आपणच. एवढ्या निरागस चेहऱ्याने दिलेला जबाब साऱ्या पवित्र शास्त्रात दुसरा नसेल. मीही तेच म्हणालो. दूध उकळलं आणि चहा झाला.

आजी गेल्यावर तिच्या स्मरणार्थ आम्ही चर्चला पंखा दिला. आमच्याकडे देणगीदाराचं नाव पंख्याच्या पात्यांवर रंगवायची पद्धत आहे. ही पद्धत कुणी काढली ठाऊक नाही, पण ज्याने काढली त्याला माणसाची चांगली पारख असावी. पंखा चालू असला की नाव वाचता येत नाही, आणि नाव वाचायचं तर गावाला घाम फुटला पाहिजे. सोलापुरात मार्च ते जून कुणी पंखा बंद करत नाही. मी दोन महिने पंख्याखालच्या बाकावर बसून गरगरणारी पांढरी रेघ पाहिली. त्या रेघेत आजी होती, आणि ‘यांच्याकडून’च्या पुढे मी होतो.

एका एप्रिलमधल्या रविवारी ऐन प्रभूच्या प्रार्थनेत वीज गेली. मंडळी डोळे मिटून पुढे म्हणत राहिली. माझे डोळे उघडे. पाती मंदावली, रेघेची अक्षरं व्हायला लागली, सगळे परीक्षेपाशी पोहोचले तेव्हा पंखा थांबला आणि मी मान वर करून वाचलं. पहिल्या पात्यावर ‘कै.’ असं लिहून पुढे आजीचं नाव.

कै. म्हणजे कैलासवासी. रंगाऱ्याची चूक नव्हती. तो सगळ्यांनाच कैलासावर पाठवतो, ख्रिस्तवासी असं लिहायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जन्मभर नैवेद्याचा कण तोंडात न घातलेली बाई थेट शंकराच्या दारात. मला हसू आवरेना, पुढच्या बाकावरच्या मावशींनी मागे वळून पाहिलं. अक्का असत्या तर त्यांना सांगितलं असतं. पण त्या आजीच्या दोन वर्षं आधी गेल्या आणि त्यांच्या घरात गेलेल्या माणसाला लिंगैक्य म्हणतात. म्हणजे कैलासावर आजी एकटीच.

नाव दुरुस्त करून घेऊ असं दर वर्षी ठरतं. रंगारी मिळतो, पंखा उतरवायला शिडी मिळत नाही.

यंदा संक्रांतीला अक्कांच्या नातसुनेने डबा दिला. मुलगी लातूरकडची, नवी, तिला आमचा इतिहास काय माहीत. डबा दुपारी दीडला आला. झाकणावर कुंकवाचं बोट उठलेलं होतं. बायकोने ते पाहिलं, मी पाहिलं. ती पदराने झाकण पुसता पुसता थांबली आणि मग पुसलं नाही. मी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. पोळ्या अजून कोमट होत्या.

रिकामा डबा परत द्यायचा नसतो. घरात नाताळच्या करंज्या उरल्या होत्या, वीस दिवसांच्या, पण त्या देता येईनात. म्हणून बायको स्टूलवर चढली आणि माळ्यावरून कढई काढली. जुन्या साडीत गुंडाळलेली, गाठ मारलेली लोखंडी कढई. आजीची. तिच्यात फक्त अक्कांच्या घरी द्यायच्या करंज्या तळायच्या, दर नाताळात, आमच्या मटणाचा मसाला वाटायच्या आधी, पहाटे, चूल सारवून. तिला दुसरं तूप नाही, दुसरा झारा नाही, अंड्याचा हात लागलेला चालायचा नाही. आम्हा मुलांना तिला शिवायचीही बंदी होती. एकदा मी तिच्यात पापलेट तळायला सुचवलं तेव्हा आजीने असं पाहिलं होतं की मी प्रभुभोजनाच्या प्याल्यातून सरबत मागितलं असावं.

नातसून दारात उभी होती. जरा संकोचून म्हणाली, “काकू, राग मानू नका, पण ह्यात अंडं वगैरे...”

“थांब,” बायको म्हणाली, “अजून आम्ही पण चाखल्या नाहीत. तुमच्या आधी काढते.” आणि तूप तापत ठेवलं.